झिपरूची ओतीव माळ

भाव न विचारता मोड काट्यावर ठेवणारं गिऱ्हाईक सुलाबाई ओतारींनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. भांडीबाजारामागच्या त्यांच्या कारखान्यात फुटका तांब्या घेऊन येणारी बाईसुद्धा आधी तीन दुकानं फिरून येते आणि मग 'एवढाच का भाव?' म्हणून तोंड वाकडं करते. आणि ही म्हातारी! गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पायात रबरी चपला, पेठ तालुक्याकडच्या डोंगरातली असावी. तिनं पिशवीतून सुतळीत ओवलेल्या नाण्यांची जाडजूड माळ काढली, काट्यावर टाकली आणि म्हणाली, "घ्या वितळून. पैसं द्या नायतर नका देऊ."

सुलाबाईंची जीभ कानशीची, हे अख्ख्या बोळाला ठाऊक. नवरा, रंगनाथ, गेला तेव्हा 'आता भट्टी विझली' म्हणत भाऊबंद साचे मागायला आले होते. बाईंनी त्यांना असं काही सुनावलं की परत कोणी त्या दारात फिरकलं नाही. त्याला बावीस वर्षं झाली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, नाचणाऱ्यांची घुंगरं, वणीच्या देवीला वाहायच्या नवसाच्या घंटा, सगळं ओतकाम बाई स्वतः करतात आणि आपल्यासारखा रस नाशकात कोणाला जमत नाही असं स्वतःच सांगतात. दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायला वेळ कोणाला आहे!

"मावशी, चोरीची तर नाही ना?" त्यांनी विचारलं.

म्हातारीनं रागानं वर पाहिलं. "चोरीची असती तर बरं झालं असतं. निदान खरी तरी असती."

काटा अर्धा किलो दाखवत होता. भट्टीत मूस लाल झाली होती, रस तयार होत आला होता. माळ सरळ मुशीत सोडायची एवढंच बाकी. पण कुठलाही जुना धातू मुशीत टाकण्याआधी ऐरणीवर वाजवून बघायचा ही बाईंची जन्माची खोड. शिसं जास्त गेलं की घंटा बोबडी बोलते आणि नवस बोललेला माणूस भांडायला येतो. त्यांनी एक नाणं मोकळं केलं, ऐरणीवर टाकलं, आवाज ऐकला. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नाणं उजेडात धरलं.

"अगं आई गं," त्या म्हणाल्या.

रुपयाएवढं गोल नाणं, मधोमध चौकोनी भोक, भोकाच्या चारी बाजूंना चार अक्षरं. लिपी बाईंच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती, पण बाई अक्षरं वाचतच नव्हत्या. त्या काम वाचत होत्या. इतका पातळ पत्रा ओतायचा म्हणजे रस साच्यात शिरता शिरताच थिजणार. तो थिजण्याआधी कडेपर्यंत धावला पाहिजे, अक्षरांच्या बारीक कोपऱ्यात घुसला पाहिजे, आणि भोकाची चौकट तर कुठेही तुटता कामा नये. इथं सगळं जागच्या जागी होतं. कड कानसून गुळगुळीत केलेली. ज्या जागी रस आत आला ती जागा त्यांनी भिंग लावून शोधली तेव्हा कुठे सापडली.

त्यांनी दुसरं नाणं काढलं, तिसरं काढलं. चौथ्यावर त्या खुदकन हसल्या. साच्याचे दोन अर्धे जरासे सरकले होते, त्यामुळे मागच्या बाजूची कड एकीकडे जाड, एकीकडे बारीक झाली होती. "हा त्या दिवशी घरी भांडून कामावर आलेला दिसतो," त्या म्हणाल्या. पण बाकीची? बाकीची एकसारखी एक. असं काम करणाऱ्या माणसाला समोर बसवून चहा पाजावा असं सुलाबाईंना मनापासून वाटलं, आणि असं त्यांना सहसा कोणाबद्दल वाटत नाही.

"मावशी, ही खोटी आहेत असं कोण म्हणालं?"

म्हातारीनं चोळीतून घडी केलेला कागद काढला. गंगापूर रोडला राहणारे शेखर देवरे म्हणून नाण्यांचे जाणकार, त्यांच्या हातचा होता. 'सदर नाणी ओतीव आहेत, सबब बनावट आहेत.' खाली सही आणि आजची तारीख.

"ओतीव आहेत, सबब बनावट?" सुलाबाईंचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत गेला. "ओतीव म्हणून खोटी? मग देवळातली घंटा खोटी का? ह्याच्या घरच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण काय ठोकून काढलाय?"

राग ओसरल्यावर त्यांनी म्हातारीला पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग सगळं बाहेर आलं. तिचं नाव मंगलाबाई. तिचा बाप झिपरू दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी देवळालीला जाऊन तोफखान्यात खेचरं हाकायला लागला आणि बोटीनं पार सायगोनला गेला. चार वर्षांनी परत आला तो ही माळ घेऊन. कागद होते, ते वाळवीनं खाल्ले. गाव म्हणालं, कसली लढाई, झिपऱ्या मुंबईच्या गोदीत हमाली करून आला आणि गप्पा हाणतोय. तो मरेपर्यंत गाव तेच म्हणत राहिलं. आता शाळेसमोर दगड बसत होता, लढाईवर गेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा. तीन नावं कोरून झाली होती. सरपंच धनराज म्हणाला होता, झिपरूबाबाचं नाव घालू, पण एखाद्या जाणत्या माणसाचा शब्द आणा. देवरे सर त्याच्या ओळखीचे, पत्ताही त्यानंच दिला होता. कारागीर आज पाच वाजेपर्यंतच गावात होता. उद्या दगड उघडायचा.

"सकाळच्या एसटीनं आले," मंगलाबाई म्हणाल्या. "त्या सायबानं चार नाणी पाह्यली आन् हा कागद दिला. मंग मला वाटलं, बा खरंच खोटं बोलला आसंल. आता ही माळ घरात ठेवून काय करू? दर येळंला दिसंल." आणि त्या पदर तोंडाला लावून रडल्या.

सुलाबाईंनी घड्याळ पाहिलं. दुपारचे दोन. भट्टीत रस तयार, साचे तापवून मांडलेले. अशा वेळी उठणं म्हणजे कोळसाही गेला, दिवसही गेला आणि साचे परत करायचे. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर बाईंनी त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. त्यांनी चिमट्यानं मूस उतरवून बाजूला ठेवली, भट्टीचा वारा बंद केला आणि म्हणाल्या, "चला मावशी. बघते ह्या जाणकाराकडे."

शेखर देवरे निवृत्त इंजिनिअर. तीस वर्षं नाणी जमवणारा, शिवराई पैसे आणि चांदवडच्या टांकसाळीचे रुपये अंधारात बोटांनी ओळखणारा माणूस. दारात ओतारणीला आणि सकाळच्याच म्हातारीला बघून तो जरा गोंधळला, पण दोघींना आत घेऊन बसवलं. माणूस वाईट नव्हता. नीट समजावून सांगू लागला.

"बाई, आपल्याकडे नाणं ठोकून पाडतात. तापवलेली चकती, वर ठसा, एक घाव. बनावट नाणं करणारा काय करतो? खऱ्या नाण्याचा साचा घेतो आणि ओततो. मग कडेला शिवण राहते, ती तो कानशीनं घालवतो. ह्या नाण्यांच्या कडेला काय आहे? कानशीच्या खुणा. अंगावर काय आहे? बारीक छिद्रं. मी अशी शेकडो खोटी पकडली आहेत."

"पकडली असतील," सुलाबाई म्हणाल्या. "ठोकायच्या मुलखात ओतलेलं खोटं, हे मला मान्य. पण हा मुलूख कुठला? सांगा बरं, मधे चौकोनी भोक ठेवून, घाव घालून, एवढं पातळ नाणं पाडता येईल का? आणि खोटं करणारा घाईत असतो, साहेब. मी घाईचं काम एका नजरेत ओळखते, कारण माझे भाचे तेच करतात. ही नाणी करणारा घाईत नव्हता. तुम्ही ठशाची माणसं, तुम्हाला घाव कळतो. रस मला कळतो. हा रस ज्यानं सोडला त्याच्या पाया पडावं असा माणूस आहे तो!"

शेखररावांना कोणी असं तोंडावर बोलायची सवय नव्हती. ते उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. नाण्यांच्या लिलावात दुसऱ्या पुस्तकांबरोबर गळ्यात पडलेलं, कधी न उघडलेलं. पानं उलटत गेले. चार अक्षरं एकेक करून ताडून पाहिली. एका पानावर थांबले, नाणं पानावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"व्हिएतनाम," ते म्हणाले. "सायगोन आहे तोच मुलूख. कान हुंग म्हणून तिथल्या बादशहाचा काळ. सतराशे चाळीसला सुरू झाला. इकडे नानासाहेब पेशवे झाले तेच साल. आणि बाई, तिथं जवळजवळ हजार वर्षं नाणी ओतूनच काढत होते. ठोकायची पद्धतच नव्हती." ते मंगलाबाईंकडे वळले. "आजी, सकाळी मी चुकलो. तीस वर्षांत माझी नजर एकाच मुलखाची झाली आणि ते मला कळलंच नाही. नाणी अस्सल आहेत."

सुलाबाईंनी तयार ठेवलेली चार वाक्यं गिळली. चूक अशी चटकन कबूल करणारा पुरुष त्यांच्या वाट्याला क्वचितच आला होता.

शेखररावांनी लगेच सरपंचाला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि सगळं सांगितलं. धनराज सरपंचानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही म्हणता तर नाणी खरी असतील. पण नाणी आली तिकडून इकडं, झिपरूबाबा गेला होता का तिकडं? गोदीत काय, जगाचा माल उतरतो. कोणा खलाशाकडनं घेतली असतील. नाव दगडावर घालायचंय, सर. उद्या कोणी उठून बोट दाखवलं तर?"

शेखररावांनी सुलाबाईंकडे पाहिलं. खरं होतं त्याचं. अस्सल नाणं फार तर स्वतःची साक्ष देतं, ते आणणाऱ्याची नाही. "विचार करून परत फोन करतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. घड्याळात साडेतीन झाले होते.

मंगलाबाई माळ पिशवीत भरायला लागल्या. "ऱ्हाऊ द्या सायेब. तुमी लय केलं. बाचंच चुकलं. नीट सांगितलं आसतं तर लोकांनी ऐकलं आसतं. पण त्यो सांगायचा आसं, की समदे पोट धरून हसायचे. म्हनायचा, तिथं पैसं फांदीला लागलेलं पाह्यलं म्या."

सुलाबाईंचा हात पाण्याच्या पेल्याकडे चालला होता, तो तिथंच थांबला.

"काय म्हणायचा?"

"फांदीला. मधी एक जाड दांडी, दोनी अंगाला बारीक काड्या, आन् काडी काडीला एक एक पैसा. आमी पोरं त्यालाच इचारायचो, बा, खत कोंचं घालायचं रं?" मंगलाबाई कसनुसं हसल्या. "मीबी हसायचे. बाप ना माझा त्यो, तरी हसायचे."

सुलाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. घुंगरं ओतताना त्या चाळीस वर्षं हेच करत आल्या होत्या. मधे रस वाहायचा पाट, बाजूंना फाटे, फाट्याच्या टोकाला एकेक घुंगरू. साचा फोडला की हातात येते ती फांदीच. ओतारी सोडून हे पाहतो कोण? बाजारात येतं ते सुटं घुंगरू. त्यांनी शेखररावांना हातानंच गप्प बसायची खूण केली. आता मंगलाबाईंच्या तोंडात आपला शब्द जाता कामा नये, एवढं त्यांना कळत होतं.

"मावशी, मग पुढं? ते पैसे फांदीला लागल्यावर काय करायचे?"

"तोडायचे. चिच तोडावी तसं. बा तिथं पैसं करनाऱ्या एका म्हाताऱ्याकडं जायचा, खेचराला पानी पाजायला. ते पैसं बाजारात चालंना झालेलं, पन म्हातारा ताइतासाठी करायचा. ही माळ त्यानंच मोडीतनं काढून दिली बाला. जुनी हाय, वितळायला जीव व्हईना म्हनला."

"बरं. तोडले. मग?"

"मग घासायचे." मंगलाबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. शेखररावांच्या टेबलावर पेनांच्या डब्यात चायनीज मागवल्यावर फुकट येतात त्या दोन लाकडी काड्या होत्या, वरच्या अंगाला चौकोनी. मंगलाबाईंनी त्यांतली एक उचलली. "बा मला बांबूची करून द्यायचा. गोल नाय, चौकोनी पायजे म्हनायचा. गोलावर फिरतं, चौकोनीवर बसतं."

त्यांनी माळेतली दहा-बारा नाणी सोडवली आणि एकामागून एक काडीत ओवली. भोकं चौकोनी, काडी चौकोनी. नाणी एकमेकांना खेटून बसली, इकडची तिकडं हलेनात. मग त्यांनी दोन्ही हातांनी काडी धरली आणि टेबलाच्या कडेवर ती पुढंमागं सरकवली, काडी जराशी फिरवली, परत सरकवली. सात-आठ वर्षांची असताना बापाबरोबर खेळलेला खेळ पंचाहत्तरीतल्या हातांना तसाच्या तसा आठवत होता. एका वेळी बारा नाण्यांच्या कडा घासल्या जात होत्या.

सुलाबाई बघतच राहिल्या. भोक चौकोनी का, हे त्यांना दुपारपासून कळलं नव्हतं आणि कळलं नाही हे त्यांनी कोणाला सांगितलंही नव्हतं. त्या स्वतः एकेक नग हातात धरून कानसतात. बोटांची सालं जातात, संध्याकाळी मनगट दुखतं. आणि तिकडे कोणा एका शहाण्यानं नाणं ओततानाच त्याला पकडायची सोय करून ठेवली होती! "वा रे माझ्या वाघा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

शेखरराव पुस्तकाची पानं भराभर उलटत होते. एका पानावर ते थांबले आणि पुस्तक मंगलाबाईंसमोर आडवं ठेवलं. पानावर काळपट धातूची एक फांदी होती. मधे दांडी, दोन्ही अंगांना काड्या, आणि नाणी अजून न तोडलेली.

मंगलाबाई पुस्तकावर वाकल्या. दांडीवरून बोट फिरवत शेंड्यापर्यंत नेलं. "हीच," त्या म्हणाल्या. "अंगणात मातीत काढून दावायचा बा, ती हीच." सुलाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

चार वाजून वीस मिनिटांनी शेखररावांनी परत फोन लावला. ह्या वेळी ते उभे राहून बोलत होते.

"धनराज, मी तीस वर्षं नाण्यांत घालवली. हे नाणं कसं करतात ते मला आज दुपारी चारपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या कपाटात पुस्तक असून माहीत नव्हतं. खलाशाकडून नाणी मिळाली असती, पण कारखान्याच्या आतली गोष्ट गोदीत मिळत नाही. ज्यानं ओतणाऱ्याशेजारी उभं राहून पाहिलं, त्यालाच ती सांगता येते. झिपरूबाबा तिथं उभा होता. सही करून कागद देतो, उद्या कोणी बोट दाखवलं तर माझ्याकडे पाठव. आणि माझ्या शेजारी सुलाबाई ओतारी बसल्या आहेत, त्यांच्याकडेही पाठव."

"पाठवच!" सुलाबाई फोनमध्ये ओरडल्या. "वाटच बघते!"

मग सरपंच जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, "सर, माझा आजापण हसायचा झिपरूबाबाला. मीपण हसलोय. मावशी आहेत का तिथं? त्यांना द्या. कारागीर इथंच बसलाय. म्हणावं पूर्ण नाव सांगा, नीट."

मंगलाबाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतला. फोन दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "झिपरू काळू गावित." मग कारागिराला ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी मोठ्यानं म्हणाल्या, "झिपरू काळू गावित."

"झालं, मावशी. लिहिलं. ठेवा आता."

"ठिवू नको," मंगलाबाई म्हणाल्या. "चालू दे."

फोनमधून पहिला घाव ऐकू आला. दगडावर छिन्नी, छिन्नीवर हातोडी. मंगलाबाई खाली बसल्या आणि फोन कानाशी धरून ऐकायला लागल्या. शेखररावांना कुठं तरी जायचं होतं, ते गेले नाहीत. चहा आला, थंड झाला. सुलाबाई आयुष्यात पहिल्यांदाच अर्धा तास एक अक्षर बोलल्या नाहीत. मधे छिन्नी थांबली की मंगलाबाई फोनमध्ये विचारायच्या, "कुठवर आलं?" आणि पलीकडून कारागीर सांगायचा, "झिपरू झालं, आजी. आता काळू."